पंचेचाळीसचे अठ्ठेचाळीस

माझ्या रजिस्टरात माणसाचे रकाने आहेत. सहा महिने ते तीन वर्षं, तीन ते सहा वर्षं, किशोरवयीन मुलगी, गरोदर माता, स्तनदा माता. बाळ सहा महिन्यांचं झालं की ते स्वतःच्या रकान्यात जातं आणि त्याच्या आईचा रकाना बंद होतो. त्यानंतर ती बाई काय खाते, हे विचारायला कुणी येत नाही. मी धुळ्याच्या कडेला एका वस्तीत अंगणवाडी सेविका आहे. लोकांना रकान्यात बसवायचं काम बावीस वर्षं करते आहे, आणि बावन्नाव्या वर्षी मी स्वतः त्यातल्या एकाही रकान्यात बसत नाही. याचं मला पूर्वी हसू यायचं. आता येत नाही.

काम तसं सोपं आहे असं लोकांना वाटतं. खिचडी शिजवायची, पोरांना 'अ'चा अननस दाखवायचा, महिन्याला वजनं करायची. गरोदर बायांना आहाराची पाकिटं द्यायची आणि सांगायचं: दूध घे, अंडं खा, हिरवी भाजी खा, गूळ-शेंगदाणे खा, वेळेवर जेव. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. बाया मान डोलवायच्या. त्यातली एक, विटांच्या भट्टीवर कामाला जाणारी, एकदा मला म्हणाली, "अक्का, मी एकली कशी खाऊ? पोरे तोंडाकडे देखतस." मी तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. समजावण्याला पैसे लागत नाहीत, म्हणून ते आम्ही भरपूर देतो.

सासवांना तर मी फार बोलायची. सून दुपारी तीनपर्यंत उपाशी बसते म्हणजे काय? तिच्या पोटात तुमचंच नातवंड आहे ना? एका म्हाताऱ्या सासूने मला बरोबर ओळखलं होतं असं आता वाटतं. ती पदर सावरत म्हणाली, "तुम्हनी सून भाग्यवान शे माय. सासूच बठ्ठं जाणस." सासूच सगळं जाणते म्हणे; मी खूश झाले. तेव्हा माझ्या सुनेला चौथा महिना होता.

आमच्या घराचं थोडं सांगते. नवरा रिक्षा चालवतो. मुलगा बाजारात कापडाच्या दुकानात कामाला आहे. माझं मानधन येतं, पण ते येतं तेव्हा येतं. तीन कमावती माणसं म्हटल्यावर लोकांना घर भरलेलं वाटतं, आणि उपाशी आम्ही कधी झोपलो नाही हेही खरं. पण घरातलं चांगलंचुंगलं कुणाच्या ताटात जातं, ते कोण किती कमावतं एवढ्यावरच ठरत नाही. घराला ज्याच्याकडून आशा असते त्याच्याकडे ते जातं. मुलगा लहान होता तेव्हा अर्धा लिटर दूध यायचं, ते त्याचं. बारावी होऊन पंचविशी उलटल्यावर त्याने पोलीस भरतीचं मनावर घेतलं. मग रोजची सहा अंडी, भिजवलेले हरभरे, डझनभर केळी, सकाळी मैदानावरून आला की मोठा पेला भरून दूध. दीड वर्ष नवऱ्याने रिक्षाचा एक फेरा जास्त मारला आणि मी दोन साड्यांवर काढलं. त्या काळात आमच्या घरात जेवढी अंडी फुटली तेवढी आधी नाही आणि नंतरही नाही. दोनदा धावण्यात पास झाला, लेखीत राहिला. तिसऱ्या वेळी वय निघून गेलं. आणि अंडी बंद झाली. कुणी ठरवलं नाही, कुणी काही म्हटलं नाही. एका रविवारी आणली नाहीत, पुढच्या रविवारीही आणली नाहीत.

मी माझ्या माहेरी लहानपणी कळण्याची भाकरी खाऊन वाढले. ज्वारीत सालासकट उडीद दळायचे, वर तेल आणि ठेचा. ते गरिबाचं खाणं होतं. आता हमरस्त्यावरच्या हॉटेलात कळण्याच्या भाकरीची थाळी मिळते आणि गाडीतून आलेली माणसं तिचे फोटो काढतात. आमच्याकडे उडीद आणायचे म्हटलं की नवरा किराण्याची यादी परत वाचतो. महिनाअखेरीला आमच्याकडे शेवभाजी होते. शेव, तरी, भाकरी. झणझणीत असते, पोट भरतं, कुणाची तक्रार नसते. मी अंगणवाडीत भिंतीवर लावलेल्या तक्त्यात मात्र शेव कुठेच नाही.

सून आली ती वरणगावकडच्या एका खेड्यातली. बारावी झालेली, हाडापेराने बारीक, बोलायला कमी. तिची बोली वेगळी, आमची वेगळी. सुरुवातीला आम्ही एकमेकींच्या शब्दांना हसायचो. तिच्याकडे केळी एवढी की पाहुण्याला केळं पुढे केलं तर त्याला ते खाणं वाटत नाही. इथे आल्यावर केळी विकत आणायची म्हटल्यावर तिला लाज वाटायची. "केळाले कोणी पैसे देते का?" म्हणायची. त्यामुळे तिने कधी मागितली नाहीत, आणि मागत नाही म्हणजे लागत नाहीत असं आम्ही धरून चाललो.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. मी रोज अंगणवाडीतून घरी यायला अडीच, कधी तीन वाजायचे. सून तोपर्यंत जेवायची नाही. सासूच्या आधी जेवायचं नाही, हे तिला तिच्या आईने सांगून पाठवलेलं. मी आपली तोंडदेखलं म्हणायची, "तू खाई लेत जा ना माय, मन्ही वाट नको देखू." ती म्हणायची, "तुमच्याशिवाय घास नाही जात, आई." आणि मग आम्ही दोघी जेवायला बसायचो. मला ते आवडायचं, खोटं का बोलू? आयुष्यभर मी सगळ्यांचं झाल्यावर टोपाच्या तळाशी राहिलेलं खाल्लं. माझी सासू जेवायची, नवरा जेवायचा, मुलगा जेवायचा, मग मी. आता कुणीतरी माझ्यासाठी भुकेलं बसतं, ताट वाढून वाट बघतं, याचं मला सुख होतं. दुसऱ्यांच्या सुनांना वेळेवर जेवू घाला म्हणून सांगून घसा कोरडा करून मी घरी यायची आणि माझी सून तीन वाजता पहिला घास घ्यायची. हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच बाईच्या हातून होत होतं, आणि माझ्या डोक्यात ते एकत्र आलंच नाही.

ती गरोदर राहिल्यावर आम्ही चहाच्या दुधाशिवाय अर्धा लिटर वेगळं सुरू केलं. तिच्यासाठी. ते दोन महिने नीट चाललं. मग पाचवा महिना लागला आणि डोहाळजेवणाचा विषय निघाला.

आमच्याकडे पहिलटकरणीचं डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतात आणि ते झालं की मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते. पूर्वी चार बाया बोलवायच्या, ओटी भरायची, गोडाधोडाचं जेवण, झालं. आता पडदा लागतो, फुलांचा झोपाळा लागतो, फोटोवाला लागतो. गल्लीतल्या शेजारणीच्या सुनेचं झालं होतं ते लग्नासारखं. तिचे फोटो महिनाभर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. मी नवऱ्याला म्हटलं, एवढं आपल्याला झेपणार नाही. तो म्हणाला, "एक दिनना खर्च शे, व्हई जाई. नही करं तर लोके काय म्हणतीन?" मीही हट्ट धरला नाही. आतून मलाही करायचं होतं.

मग काटकसर सुरू झाली. रिक्षाचं डिझेल कमी करता येत नाही, विजेचं बिल कमी करता येत नाही, मुलाचं मोबाइलचं रिचार्ज कमी करता येत नाही. दूध करता येतं. मी दूधवाल्याला सांगितलं, दोन महिने फक्त चहापुरतं टाक. सुनेला म्हटलं, उन्हाळ्यात दूध फाटतं, पाऊस लागला की सुरू करू. ती हो म्हणाली. तशी ती सगळ्याला हो म्हणायची. हवं ते पाऊस लागल्यावर, हे वाक्य मी तिला सहज म्हणून गेले, आणि त्या दोन महिन्यांत तिच्या पोटातल्या जिवाची हाडं तयार होत होती. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मीच लोकांना शिकवत होते.

डोहाळजेवण छान झालं. शंभर माणसं आली. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, बट्टीवर तूप, जिलेबी. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळ्यावर सून. बायांनी ओट्या भरल्या. ओटीतलं खारीक-बदाम-खोबरं कसं असतं ते आम्हा बायांना चांगलं माहीत आहे. ते कुणी खात नाही. माझ्या ओटीतलं मी तुझ्या ओटीत घालते, तू तिच्या घालतेस, ब्लाउजच्या कापडासारखं ते गावभर फिरतं. त्या दिवशी सुनेच्या मांडीवर पडलेल्या एका खारकेला भोक होतं आणि त्यातून किडा बाहेर आला. ती दचकली, बाया हसल्या, फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. त्या फोटोत ती फार सुंदर दिसते, डोळे मोठे, गाल बसलेले. तेव्हा सगळ्या म्हणाल्या, गरोदरपणाचं तेज आलंय.

त्याच दिवशी आमच्या अंगणवाडीत नर्सबाई तपासणीला आल्या होत्या. मी सुट्टी टाकली होती. सुनेचं रक्त तपासायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी नर्सबाई फोनवर म्हणाल्या, वजन तरी करून कार्डावर भरा, रक्ताचं पुढच्या महिन्यात माहेरी बघतील.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी तिला मी अंगणवाडीत नेलं. विहीणबाई घरी बसल्या होत्या, दहाची एसटी धरून मुलीला घेऊन जायच्या होत्या. मदतनीस पाणी आणायला गेली होती. आम्ही दोघीच. सून चप्पल काढून काट्यावर उभी राहिली. आकडे थरथरले आणि थांबले. पंचेचाळीस, वर थोडे ग्रॅम.

पाचव्या महिन्यात पंचेचाळीस होतं. सहाव्यातही तेवढंच भरलं होतं. एक महिना हललं नाही तर चालतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. आता सातवा. मी लोकांच्या सुनांसाठी अशा वेळी काय करते ते मला पाठ आहे. आवाज चढवते, सासूला बोलावणं पाठवते, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवते. तिथे मी हातात पेन धरून बसले आणि माझ्या डोळ्यांपुढे ते कार्ड फिरायला लागलं. ते कार्ड तिच्याबरोबर माहेरी जाणार. तिथली सेविका बघणार. विहीणबाईंना वाचता येतं, त्या बघणार. त्यांच्या गल्लीतल्या बाया बघणार. सासू स्वतः अंगणवाडीत, आणि पोरीचं वजन तीन महिने जागचं हललं नाही. मग म्हणणार, शंभर माणसं जेवायला घातली आणि सुनेला उपाशी ठेवली.

मी ४८ लिहिलं. पाचचा आठ करायला काहीच लागत नाही. कार्डावर लिहिलं, रजिस्टरात लिहिलं, मोबाइलमध्ये भरलं. मोबाइलमध्ये भरल्यावर तिच्या नावापुढचा रंग हिरवा झाला. सून चप्पल घालत होती. तिने कार्ड हातात घेतलं, बघितलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. मी मनात म्हटलं, माहेरी जाते आहे, आई खाऊ घालेल, दोन महिन्यांत भरून निघेल. तीन किलो म्हणजे काय मोठं?

दहाच्या गाडीने त्या गेल्या. त्या संध्याकाळी मला घर फार रिकामं वाटलं. दूधवाल्याला दूध वाढवायला सांगायचं राहून गेलं, आणि आता वाढवून कुणाला प्यायचं होतं?

पुढचं मला फोनवरून कळत गेलं. पायाला सूज आली, पण सगळ्यांनाच येते. तिथल्या सेविकेने वजन केलं ते सत्तेचाळीस भरलं. कार्डावर आधीचं अठ्ठेचाळीस. ती म्हणाली, काट्याकाट्यात फरक असतो. बरोबर आहे, असतो. पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस असं तिने पाहिलं असतं तर त्याच दिवशी तिला पुढे पाठवलं असतं. मीच पाठवलं असतं दुसऱ्या कुणाला. पण कार्डावर सगळं चढतं होतं, मग घाई कशाला? रक्त नर्सबाई येतील तेव्हा बघू, आठवड्याने. त्या आठवड्यात ती दोन पायऱ्या चढली आणि खाली बसली. दम लागला, ओठ पांढरे पडले. भावाने गाडी करून भुसावळला नेलं. डॉक्टरांनी रक्त बघितलं ते सहा. दोन बाटल्या चढवल्या. आणि पोर महिनाभर आधी झाली. मुलगी. एक किलो आठशे.

निरोप मिळाल्यावर आम्ही तिघं पहिल्या एसटीने निघालो, नवरा आणि मुलगा मागच्या बाकावर. रस्ताभर मी एकच गोष्ट मागत होते, दोघी राहू दे. कुणाकडे मागत होते ते माहीत नाही. इतकी थकले होते की देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, अक्का, बरं नही का? मी म्हटलं, बरं शे.

दवाखान्यात सून झोपलेली होती, हाताला सुई. बाळ काचेच्या पेटीत. नळ्यांच्या मध्ये एवढंसं, पाठीची कातडी सैल. मी बावीस वर्षं पोरं तोलली आहेत, मला काटा लागत नाही. बघूनच कळलं.

बाहेर बाकावर विहीणबाई बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि त्यांनी माझे हात धरले. मला वाटलं आता बोलतील. मी तयारी केली होती. त्या रडत म्हणाल्या, "अक्का, तुम्ही त लय जपलं तिले. कार्डावर वजन पाह्यलं ना मी. किती छान व्हतं. इकडे येईसन बिघडलं. आमचंच काहीतरी चुकलं."

मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण शेजारी त्यांचा मुलगा उभा होता, माझा नवरा होता, माझा मुलगा होता. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "असू द्या ताई, कुणाच्या हातात असतं." खोलीचं दार उघडं होतं. सून आतून बघत होती की झोपली होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

एकोणीस दिवस बाळ पेटीत राहिलं. विहीणबाई रोज डबा घेऊन यायच्या. डिंकाचे लाडू, मेथ्यांची पेज, अळीव, केळी, जे जे बाळंतिणीला घालतात ते सगळं. त्यांच्या घरात मोठं उत्पन्न नव्हतं. मुलगा कारखान्यात ठेकेदाराकडे होता, घरी दोन म्हशी, त्यातलं दूध डेअरीला जायचं. त्या दिवसांत त्यांनी डेअरीचं दूध बंद केलं आणि सगळं पोरीला दिलं. मी ते बघायची आणि मला कळायचं की ती बाई एक गुन्हा भरून काढते आहे, जो तिचा नाहीच. त्या स्वतः काय खात होत्या कुणास ठाऊक. एक दिवस मी त्यांना विचारलं, तुम्ही जेवलात का? त्या हसल्या. "मले काय लागते अक्का आता." मी पण असंच म्हणते. आम्ही दोघी एकाच वयाच्या आहोत.

बाळ वाचलं. सून वाचली. तीन महिन्यांनी मायलेकी धुळ्याला आल्या, सून आणि नात.

तोपर्यंत आमच्याकडे एक लिटर दूध सुरू झालं होतं. अंडीही येऊ लागली. पैसे कुठून आले? जिथे आधी होते तिथूनच. पैसे कमी होते हे खोटं नाही, आजही कमीच आहेत. फक्त आधी दुधाचा नंबर शेवटी लागायचा, आता पहिला लागतो. सून आता बारा वाजता जेवते. मी अंगणवाडीतून फोन करते आणि ताट वाढल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवत नाही. ती आधी कंटाळायची, आता हसते. मी घरी येते तेव्हा एकटीच जेवते. ते सुख गेलं, जाऊ दे.

पण विहीणबाईंचा दर दोन दिवसांनी फोन यायचा आणि दर वेळी त्या एकदा तरी म्हणायच्या, आमच्याकडे आली आणि हातची गेली असती पोर. सून फोनवर "नाही वं माय" एवढंच म्हणायची आणि माझ्याकडे बघायची नाही. मी भांडी आवाज करून लावायची. असे आठवडे गेले. मी रोज ठरवायची, आज सांगू. रोज काहीतरी निघायचं. कामाला तोटा नसतो.

मग वजनाचा दिवस आला. सुपरवायझर मॅडम आल्या होत्या, बाया पोरं घेऊन रांगेत होत्या. सून नातीला घेऊन रांगेत उभी होती, चौथी. मी तिला पुढे घेतलं नाही, तीही आली नाही. तिची पाळी आल्यावर नातीला काट्यावर निजवलं. नात हात हलवत होती, आकडा ठरेना. मग ठरला. वयाच्या मानाने कमी. लाल रंगात जाणारा. मी पेन धरलं. मॅडम दुसऱ्या रजिस्टरात बघत होत्या.

सून वाकून बाळाला उचलत होती. उचलताना तोंड माझ्या कानाजवळ आलं. हळूच म्हणाली, "आज आहे तेच लिहा, आई. हे कार्ड बी मही माय वाचते."

मला काटा दिसेनासा झाला. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अर्थात होतंच, ती काट्यावर उभी होती, तिला वाचता येतं. ती बारावी झालेली मुलगी पाच-सहा महिने ते पोटात ठेवून होती, परत आल्यापासून माझ्याच घरात वावरत होती, माझ्यासाठी चहा करत होती. मी आकडा होता तसा लिहिला. मोबाइलमध्ये नातीच्या नावापुढे लाल रंग आला. मॅडम म्हणाल्या, ही कोण? मी म्हटलं, माझी नात. त्या पुढच्या पोराला बोलवा म्हणाल्या.

बाया गेल्यावर मी मदतनिसेला घरी पाठवलं. सून बाळाला पाजत भिंतीशी बसली होती, त्याच तक्त्याखाली ज्यावर दूध, अंडी, पालेभाजी आणि सफरचंद काढलेलं आहे. मी फोन काढला आणि विहीणबाईंना लावला. सून बघत राहिली. पलीकडून त्या नेहमीसारख्या खुशीत म्हणाल्या, "बोला अक्का, वजन झालं का मह्या बाईचं?"

मी नातीचं वजन सांगितलं. मग म्हटलं, "ताई, एक जुनं वजन राहिलं सांगायचं. सातव्या महिन्यात तुम्ही तिला न्यायला आल्या होत्या, त्या सकाळचं. पंचेचाळीस होतं. मी अठ्ठेचाळीस लिहिलं. तुमच्याकडे येऊन काही बिघडलं नाही. इथूनच बिघडून गेली होती. तिचं दूध मी बंद केलं होतं, डोहाळजेवणासाठी."

मी फोन कानापासून काढून बघितला, चालू होता. म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. मी वाट बघत उभी राहिले. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्या तरी.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी तिले रोज फोनवर विचारे अक्का, सासरी दूध भेटते का. ती रोज व्हय म्हणे."